आमचे फोटॉन खरेच एंटँगल्ड आहेत का?

प्रश्न : 405 नॅनोमीटरचा डायोड लेसर, काटकोनात जोडलेले, एका फोटॉनचे दोन करणारे दोन बीबीओ स्फटिक आणि 810 नॅनोमीटरच्या फोटॉनजोड्या असा आमचा प्रयोग आहे. जोडीतले फोटॉन एंटँगल्ड, म्हणजे वेगवेगळे वर्णन करता न येणाऱ्या एकाच क्वांटम अवस्थेत, हवेत. दोन्ही ध्रुवक उभे ठेवले की सेकंदाला 500 कोइन्सिडन्स (दोन्ही डिटेक्टरवर एकाच वेळी पडणारे ठोके). एक उभा, एक आडवा केला की 5. पण दोन्ही +45 अंशांवर 350 आणि एक +45, एक −45 केला तर 150. प्रत्येक डिटेक्टर सेकंदाला 20,000 मोजतो, विंडो (दोन ठोके एकाच वेळचे धरण्याची मुदत) 10 नॅनोसेकंदांची. डिटेक्टर बदलावेत का?
– एम.एस्सी.ची एक विद्यार्थिनी

उत्तर : डिटेक्टरना हात लावू नका. 20,000 गुणिले 20,000 गुणिले 10 नॅनोसेकंद, म्हणजे योगायोगाने जुळणारे ठोके सेकंदाला 4. तुमच्या त्या 5 मधले बहुतेक तेच. 150 चे खापर त्यांच्यावर फुटत नाही.

उभ्या-आडव्याची व्हिजिबिलिटी (दोन मोजण्यांतला फरक भागिले त्यांची बेरीज) 98 टक्के आली म्हणून कुणी पेढे वाटू नयेत. निम्म्या जोड्या दोन्ही उभ्या, निम्म्या दोन्ही आडव्या, अशा साध्या मिश्रणातूनही ती मिळते. खरी परीक्षा 45 अंशांवर, आणि तिथे तुमचे 40 टक्के. तरीही धीर धरा : एंटँगलमेंट नसेल तर या दोन आकड्यांची बेरीज 100 च्या वर जाऊच शकत नाही. तुमची 138 आहे. म्हणजे एंटँगलमेंट आहे, पण अशक्त. बेलच्या कसोटीच्या नेहमीच्या कोनांवर (0, 45 आणि 22.5, 67.5) S (या कसोटीचा आकडा; फोटॉन आपले उत्तर आधीच ठरवून निघत असतील तर तो 2 च्या वर जात नाही) साधारण 1.95 येईल; 2 ओलांडायला बेरीज 141 च्या पुढे हवी.

माझा पहिला संशय फेजवर, म्हणजे उभ्या आणि आडव्या जोड्यांच्या लहरी एकमेकींच्या किती मागेपुढे आहेत यावर. पंपाच्या (लेसरच्या किरणाच्या) वाटेतली क्वार्ट्‌झची पट्टी हळूहळू तिरकी करत +45, −45 वरची मोजणी बघा. फेज 90 अंशांनी चुकली तर उत्तम एंटँगल्ड जोडीचीही इथली व्हिजिबिलिटी शून्य दिसते! मोजणी 150 वरून झपाट्याने उतरली, तर काम झाले.

नाही उतरली, तर जोडी कोणत्या स्फटिकात जन्मली याची खूण फोटॉनच्या वेळेत किंवा दिशेत उरते आहे. डायोड लेसरची कोहिरन्स लांबी (लहर जितक्या अंतरापर्यंत एकसंध राहते ती) बहुधा तोकडी असते, त्यामुळे वेळेची खूण ठळक होते. पंपाच्या वाटेत योग्य जाडीचा द्विअपवर्तनी स्फटिक ठेवून ती पुसता येते. दिशेसाठी आयरिस (प्रकाश आत सोडणारे छिद्र) लहान करा. कोइन्सिडन्स घटतील, तेवढा मोजायचा वेळ वाढवा. बेरीज 141 ओलांडेपर्यंत S च्या 16 मोजण्यांना बसू नका, अख्खी संध्याकाळ जाते.