वाचकांचे प्रश्न : ऑनलाइन बी.एस्सी., पण आखून

एकाच विषयाला न बांधता भौतिकशास्त्र, रसायन, जीवशास्त्र, गणित यांतले दोन-तीन विषय घेऊन ऑनलाइन विद्यापीठातून विज्ञानाची सर्वसाधारण पदवी करायची, तर आखणी कशी करावी? या विषयावर आलेल्या पत्रांपैकी काही निवडक प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न : माहितीपत्रकात ‘कालावधी तीन वर्षे’ असं लिहिलंय. मी पूर्णवेळ नोकरी करते आणि आठवड्याला बारा तास काढू शकते. मला खरोखर किती वर्षं लागतील?

ती तीन वर्षं दिवसभर फक्त अभ्यासच करणाऱ्याची आहेत. तुम्ही वर्षं बाजूला ठेवा आणि तास मोजा. क्रेडिट म्हणजे शेवटी तासच, फक्त प्रत्येक पद्धतीत त्याचं माप वेगळं. ब्रिटिश पद्धतीत एक क्रेडिट म्हणजे साधारण १० तासांचा अभ्यास आणि ऑनर्स पदवीला ३६० क्रेडिट, म्हणजे ३,६०० तास. युरोपीय पद्धतीत क्रेडिटमागे २५ ते ३० तास आणि तीन वर्षांच्या पदवीला १८० क्रेडिट. अमेरिकेत सत्रपद्धतीचे १२० क्रेडिट लागतात आणि दर क्रेडिटमागे वर्ग व घरचा अभ्यास धरून ४५ तास. भारतातल्या मुक्त विद्यापीठांत क्रेडिटला ३० तास धरतात. त्यामुळे ‘तिकडे १२० आणि इकडे ३६०, मग १२० वालं सोपं’ या तुलनेला काही अर्थ नाही. १२० गुणिले ४५ केले की ५,४०० होतात.

आता तुमचे बारा तास. आजारपण, लग्नकार्य, कामाची गर्दी यांत वर्षाचे आठ आठवडे जातात असं धरा. उरलेल्या ४४ आठवड्यांत ५२८ तास मिळतील. ३,६०० तासांच्या पदवीला त्या वेगाने जवळजवळ सात वर्षं लागतात, ५,४०० तासांच्या पदवीला दहा. म्हणून प्रवेश घेण्याआधीच विद्यापीठाला विचारा : पदवी पूर्ण करण्याची कमाल मुदत किती? ती सहा वर्षांची असेल तर बारा तासांत तुमचं भागणारच नाही. आठवड्याला सोळा तास काढलेत तर ३,६०० तासांची पदवी पाच वर्षांच्या आसपास येते.

पहिल्या वर्षी मात्र निम्माच भार घ्या. शाळा-कॉलेज सोडून बरीच वर्षं झालेल्याला गणिताच्या मॉड्यूलला, म्हणजे पदवीतल्या एका स्वतंत्र घटकाला, छापलेल्या तासांच्या दीडपट वेळ सहज लागतो. हे पहिल्या स्वाध्यायाच्या आदल्या रात्री कळून काही उपयोग नाही.

प्रश्न : पुढे रसायनशास्त्रात एम.एस्सी. करायचा विचार आहे. सर्वसाधारण पदवीत विषय निवडायला मोकळीक असते, ती कशी वापरावी?

खरा घोटाळा या मोकळिकीतच होतो. खगोलशास्त्राची ओळख, पर्यावरणाची ओळख, मेंदूची ओळख अशा ‘ओळखी’ गोळा करत गेलं की पाच वर्षांनी क्रेडिट भरपूर जमतात, पण सगळे पहिल्या पातळीचे. ते पदवीलाही पुरत नाहीत, कारण वरच्या पातळीचे क्रेडिट किती हवेत हे ठरलेलं असतं. ब्रिटिश पद्धतीत ३६० पैकी साधारण १२० शेवटच्या पातळीचे लागतात. एम.एस्सी.च्या प्रवेशालाही ते पुरत नाहीत.

आखणी शेवटाकडून करा. तुम्हाला हव्या असलेल्या दोन-तीन एम.एस्सी. अभ्यासक्रमांच्या प्रवेशअटी काढून समोर ठेवा. रसायनाचे किती क्रेडिट, त्यात प्रात्यक्षिक किती आणि गणित कुठपर्यंत, हे त्यात लिहिलेलं असतं. मग मोठा कागद घ्या. उजव्या टोकाला शेवटच्या वर्षाचे मॉड्यूल लिहा आणि प्रत्येकाची पूर्वअट बघत, तिच्याकडे बाण काढत डावीकडे सरका. सेंद्रिय रसायन भाग दोनला भाग एक लागतो, भाग एकला सामान्य रसायनाचे दोन्ही भाग लागतात. भौतिक रसायनाला त्याशिवाय कॅल्क्युलस हवं आणि बहुतेक ठिकाणी थोडं भौतिकशास्त्रही. कॅल्क्युलसला बीजगणित आणि फलनं पक्की हवीत. कागद भरला की सगळे बाण डावीकडे गणितात शिरलेले दिसतील. जीवशास्त्राचे त्यातल्या त्यात कमी, पण तिथेही संख्याशास्त्र वाट अडवून बसलेलं असतंच. गणित ‘नंतर बघू’ म्हणून ढकललं की त्यामागची सगळी रांग खोळंबते.

त्याच कागदावर प्रत्येक मॉड्यूलसमोर ते वर्षातून किती वेळा सुरू होतं तेही लिहा. पुष्कळ ऑनलाइन विद्यापीठांत विज्ञानाचं मॉड्यूल वर्षातून एकदाच निघतं. चार मॉड्यूलच्या साखळीतलं पहिलं चुकलं की पूर्ण वर्ष गेलं. साखळीत नसलेले विषय, म्हणजे विज्ञानलेखन किंवा विज्ञानाचा इतिहास, मधल्या रिकाम्या जागांसाठी राखून ठेवा. ते सुरुवातीलाच संपवले तर पुढे एकाच सत्रात तीन जड विषय एकत्र येतात.

प्रश्न : गणित सुटून चौदा वर्षं झाली. पायाभूत अभ्यासक्रम घ्यावा की थेट पहिलं मॉड्यूल?

कागद-पेन घेऊन दोन उदाहरणं करून बघा. पहिलं : एका द्रावाचा पीएच ७.४ वरून ७.१ झाला, तर हायड्रोजन आयनांची संहती किती पट झाली? पीएच दहाच्या घातांत मोजतात, तो एकाने उतरला की संहती दहापट होते. इथे फरक ०.३ आहे आणि १० चा ०.३ घात साधारण २ येतो, म्हणजे जवळजवळ दुप्पट. ‘थोडीशी वाढली’ असं उत्तर आलं असेल तर लॉगॅरिदम विसरलात. दुसरं : लंबकाचा आवर्तनकाल T = २π√(L/g) आहे (L म्हणजे लंबकाची लांबी, g म्हणजे गुरुत्वत्वरण), यातून g काढा. दोन्ही बाजूंचा वर्ग करून g = ४π²L/T² यायला हवं.

दोन्ही दहा मिनिटांत जमली तर थेट मॉड्यूल घ्या. एक जमलं तर प्रवेशाआधी सहा ते आठ आठवडे रोज तासभर घात, लॉग, एककं आणि समीकरणाची मांडणी एवढंच घोटा. दोन्ही अडली तर पायाभूत अभ्यासक्रम घ्या. तो पदवीच्या क्रेडिटमध्ये धरतात की नाही, हे आधी विचारून घ्या. नसला तरी घ्या.

प्रश्न : ऑनलाइन पदवीत प्रात्यक्षिकं कशी होतात? ‘व्हर्च्युअल लॅब’ पुरते का?

चार प्रकार आढळतात. संगणकावरचं अनुकरण, दुरून चालवायची खरी उपकरणं, घरी येणारी प्रयोगपेटी आणि ठरावीक दिवस प्रयोगशाळेत प्रत्यक्ष हजेरी. घरी पेटी पाठवण्याची पद्धत जुनी आहे. ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीचं शिक्षण १९७१ मध्ये सुरू झालं, तेव्हा विज्ञानाच्या विद्यार्थ्यांकडे प्रयोगाचं सामान घरपोच जायचं आणि त्यात छोटा सूक्ष्मदर्शकही असायचा.

अनुकरण संकल्पना समजायला चांगलं, पण हाताला वळण लावत नाही. टायट्रेशनचंच घ्या, म्हणजे ब्युरेट या खुणांच्या, तोटीच्या काचनळीतून एक द्राव थेंबथेंब दुसऱ्यात सोडून त्याचं प्रमाण काढणं. पडद्यावरच्या ब्युरेटच्या तोटीत कधी हवेचा बुडबुडा अडकत नाही. खऱ्या ब्युरेटमध्ये अडकतो, मधेच सुटतो, आणि द्राव फ्लास्कमध्ये पडलेला नसताना तेवढा खर्चात धरला जातो, म्हणजे उत्तर जास्त येतं. वरची नरसाळी काढायची राहिली तर तिच्यातले थेंब ब्युरेटमध्ये गळतात आणि उत्तर कमी येतं. रंगहीन द्रावाची पातळी वक्र पृष्ठाच्या तळाशी, डोळा समांतर ठेवून, ०.०५ मिलिलिटरपर्यंत वाचायची आणि ०.१ मिलिलिटरच्या आत जुळणारी वाचनं मिळेपर्यंत पुन्हा करायची. ही शिस्त माउसने लागत नाही.

उलट काही प्रयोग घरीच उत्तम होतात. एक मीटर दोऱ्याचा लंबक टांगा. आवर्तनकाल साधारण दोन सेकंद येतो. स्टॉपवॉच दाबण्यात ०.२ सेकंदाची चूक धरली तर एकाच आंदोलनावर ती १० टक्के होते, आणि सूत्रात T चा वर्ग असल्याने g मध्ये २० टक्के. वीस आंदोलनं सलग मोजलीत तर एकूण ४० सेकंदांवर तीच चूक अर्धा टक्का आणि g मध्ये एक टक्का. लांबी मात्र गोळ्याच्या मध्यापर्यंत मोजा. तीन सेंटिमीटर व्यासाच्या गोळ्याच्या वरच्या गाठीपाशीच थांबलात तर g मध्ये दीड टक्का चूक तिथेच आली, मग वीसच काय, शंभर आंदोलनं मोजून ती जाणार नाही.

तुमच्या आखणीत एक कसोटी ठेवा. पुढचा अभ्यासक्रम किंवा नोकरी ‘प्रत्यक्ष प्रयोगशाळेतले तास’ मागते का? वैद्यकीय प्रवेशाला अनेक ठिकाणी ऑनलाइन प्रात्यक्षिक चालत नाही. हजेरीचे दिवस असतील तर त्या तारखा वर्षाच्या सुरुवातीलाच रजेच्या अर्जात घाला. अभ्यासाचे तास पुढेमागे सरकतात, प्रयोगशाळेच्या तारखा सरकत नाहीत.

प्रश्न : मोफत ऑनलाइन कोर्सची आठ प्रमाणपत्रं माझ्याकडे आहेत. क्रेडिट मिळतील?

आपोआप नाही. प्रमाणपत्र आणि क्रेडिट या वेगळ्या गोष्टी आहेत. क्रेडिटसाठी तो कोर्स एखाद्या मान्यताप्राप्त विद्यापीठाने परीक्षेसह आणि क्रेडिटच्या आकड्यासह दिलेला असावा लागतो. असा असेल तर पाठ्यक्रमाची प्रत जोडून क्रेडिट हस्तांतराचा निर्णय प्रवेश शुल्क भरण्याआधी, लेखी मागा. ‘हो, होऊन जाईल’ हे फोनवरचं उत्तर धरू नका. मान्य झाले तरी बऱ्याच विद्यापीठांत पदवीचा काही किमान भाग त्यांच्याकडेच करावा लागतो. विद्यापीठाची स्वतःची मान्यता बघताना त्यांच्या संकेतस्थळावरच्या दुव्यावरून जाऊ नका, मान्यता देणाऱ्या संस्थेची यादी स्वतः शोधून तिथे नाव बघा.

प्रश्न : परीक्षा घरून द्यायची आहे. काय बिघडतं?

बहुतेक वेळा उत्तरं अपलोड करताना. विज्ञानाची उत्तरं हाताने लिहावी लागतात, मग त्यांचे फोटो काढून एकच पीडीएफ करायची. आठवडाभर आधी बारा पानांचा सराव घड्याळ लावून करा आणि त्याला लागलेल्या वेळेच्या दुप्पट वेळ परीक्षेत राखून ठेवा. दिवा पाठीमागे असला की कागदावर तुमचीच सावली पडते आणि उणे चिन्हं दिसत नाहीत. पान क्रमांक आधीच घालून ठेवा, आणि फाइल पाठवण्याआधी उघडून शेवटचं पान आलंय ना ते बघा.