जिभेचा रकाना

"मॅडम, बाहेर पडलं की सगळे माझ्याकडेच बघतात." समुपदेशन करताना आठवड्यातून एकदा तरी हे वाक्य कानावर पडतंच. बोलणारे बदलतात, वाक्य तेच. त्यातल्या एकाची ही हकिकत, ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून.

तो स्पर्धा परीक्षांसाठी मराठवाड्यातून पुण्यात आलेला. मेसला जायचा, तेही सगळे जेवून गेल्यावर. मी त्याला वहीत पाच रकाने आखायला सांगितले: डोळे, कान, नाक, कातडी, जीभ. आणि धाडलं महात्मा फुले मंडईत. 1886 सालची ती दगडी इमारत, मधला अष्टकोनी मनोरा, खाली भाजीचे गाळे. पाचही इंद्रियांना पुरून उरेल एवढा ऐवज. अर्धा तास बसायचं आणि तिथेच लिहायचं. खोलीवर जाऊन लिहिलं की आठवणीत भीती आपली भर घालते.

पहिली नोंद: 'भाजीवाल्या मावशी मला हसल्या. येडा वाटलो असणार.'

"यातलं डोळ्यांना काय दिसलं?"

"हसल्या ते."

"आणि तुलाच हसल्या, हे कुठल्या रकान्यात लिहिशील?"

तो वहीकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "ह्याला रकानाच नाही, मॅडम."

घटना वेगळी आणि तिच्यावरचं आपलं भाष्य वेगळं, हे मी वर्षानुवर्षं सांगत आलेय. माझी बैठक अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारांची. (त्यांनी 19व्या वर्षी न्यूयॉर्कमधल्या ब्राँक्सच्या वनस्पती उद्यानात अनोळखी बायकांशी बोलून स्वतःचा बुजरेपणा घालवला होता.) पण चार शब्दांत मला ते कधी सांगता आलं नव्हतं. त्या दिवसापासून कागदावर आकृत्या काढून समजावणं मी बंद केलं.

तुम्हाला करून बघायचं असेल तर 'छान', 'घाणेरडं', 'विचित्र' हे शब्द टाळा. ते आपले शेरे. नाकाला विसरू नका, बहुतेकजण विसरतात. आणि वहीत तोंड खुपसून बसू नका. हा पठ्ठ्या दुसऱ्या खेपेला तेच करून आला. तीन पानं भरलेली, मान एकदाही वर नाही! दहा मिनिटं बघायचं, दोन मिनिटं लिहायचं. गर्दीत छाती धडधडून जीव घाबरा होत असेल, तर मात्र आधी डॉक्टरांना दाखवा, वही नंतर.

तिसऱ्या खेपेची नोंद: 'मेथीवर पाणी मारलं, शिंतोडे हातावर, गार. ओल्या पोत्याचा वास. काट्यावर वजन आपटल्याचा आवाज. 30 मिनिटांत माझ्याकडे 3 जणांनी पाहिलं. त्यातल्या एकाला गाडी कुठे लावायची ते विचारायचं होतं.'

जिभेचा रकाना मात्र रिकामाच. मी त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. तो भरायचा तर कुणाशी तरी बोलावं लागणार, हे रकाने आखून घेतानाच माझ्या मनात होतं.

सहाव्या भेटीत त्याने न बोलता वही पुढे सरकवली. 'जीभ: पेरू, तिखटमीठ लावून. 20 सांगत होत्या, 15ला घेतला.'