मेम्फिसला येतोयस? 'काळ्यांपासून जपून' या सल्ल्याबद्दल

तू विचारलंयस की अमेरिकेत टेनेसीतल्या मेम्फिसला बदली होतेय, बायको आणि वडील सोबत, आणि सगळे सांगतायत तिथे काळे पुरुष फार, अंधार पडला की बाहेर पडू नका, मग घर कुठे बघू? घराचं सांगतेच, पण आधी हा सल्ला.

गुन्हेगारी आहे, खोटं कशाला बोलू. गाडीत लॅपटॉप ठेवायचा नाही, रात्री अनोळखी पंपावर थांबायचं नाही. पण 'काळा पुरुष म्हणजे धोका' ही समजूत इथे मुद्दाम घडवलेली आहे. गुलामी होती तोवर मालक म्हणायचे हे भोळे लोक, आमच्याशिवाय यांचं कसं चालणार, आणि 1865 नंतर तेच लोक मत आणि जमीन मागायला लागले तर लगेच बायकांवर झडप घालणारे राक्षस झाले! 1915 मध्ये हेच दाखवणारा सिनेमा थेट व्हाइट हाऊसमध्ये लावला होता. 1955 ला शेजारच्या मिसिसिपीत 14 वर्षांच्या काळ्या एमेट टिलला गोऱ्या बाईची छेड काढल्याच्या नुसत्या आरोपावरून मारून टाकलं, ज्युरीने आरोपी सोडून दिले.

आणि गंमत बघ, दुसरीकडे साठ वर्षांच्या काळ्या माणसालाही 'बॉय' म्हणून हाक. 1968 मध्ये इथेच दोन सफाई कामगार कचऱ्याच्या ट्रकमध्ये चिरडून मेले, तेव्हा तेराशेच्या आसपास काळे कामगार संप करून 'आय अ‍ॅम अ मॅन' लिहिलेल्या पाट्या घेऊन रस्त्यावर उतरले. मार्टिन ल्यूथर किंग त्याच संपासाठी आले होते आणि लॉरेन मोटेलमध्ये त्यांना गोळी घातली. आता तिथे म्युझियम आहे, वडिलांना नक्की ने.

माझा शेजारी काळा, चांगला सहा फुटी, शाळेत बँड शिकवतो. सकाळी पळायला निघाला की भडक नारिंगी जॅकेट, गळ्यात शाळेचं आयडी, समोरून बाई आली की लांबूनच गुड मॉर्निंग म्हणून रस्ता ओलांडणार. म्हणतो, लोक घाबरले की पोलिसांना फोन करतात, मग घाबरायची पाळी माझी. 2023 ला टायर निकोल्स याच शहरात पोलिसांच्या मारहाणीत गेला, 29 वर्षांचा, स्केटबोर्ड आणि सूर्यास्ताचे फोटो काढायचा नाद. मारणारे पाच पोलीस पण काळेच. आपली मंडळीही काही कमी नाहीत, पॉटलकमध्ये (प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायचं जेवण) 'ते लोक' म्हणताना आवाज बरोब्बर खाली येतो. पारध्याचं पोर दिसलं की चोरी आठवणारे आपणच ना.

आता वडिलांचं. 2015 मध्ये अलाबामात नातवाला सांभाळायला आलेले गुजरातचे सुरेशभाई पटेल फुटपाथवर चालत होते, कोणीतरी पोलिसांना कळवलं की एक काळा माणूस फिरतोय, पोलिसाने असं आपटलं की अंशतः लकवा झाला. इंग्लिश येत नव्हतं. पोलिसाला शिक्षा झाली नाही. म्हणून वडिलांच्या खिशात पत्ता आणि तुझा नंबर इंग्लिशमध्ये लिहून ठेव, पोलिसांनी थांबवलं तर हात दिसतील असे ठेवायला सांग, आणि शेजाऱ्यांशी पहिल्याच आठवड्यात ओळख करून दे.

घर म्हणशील तर शाळेसाठी कॉलिअरव्हिल किंवा जर्मनटाउन, भाडं कमी हवं तर कॉर्डोव्हा. गाडीशिवाय इथे पान हलत नाही, लायसन्सचं आल्याआल्या बघ.