वाचकांचे प्रश्न : चित्रकलेच्या वर्गातून कॉलेजपर्यंत

प्रश्न : मी लॉस एंजेलिसमध्ये राहते आणि एका स्वयंसेवी संस्थेच्या मोफत चित्रकला वर्गात शाळा सुटल्यानंतर शिकवते. आमची बहुतेक मुले लॅटिनो आणि कृष्णवर्णीय कुटुंबांतली असून त्यांच्या घरातून आजवर कोणी कॉलेजात गेलेले नाही. नववी-दहावीत ज्यांचा हात छान बसला, तीच मुले बारावीत कॉलेजचा विषय निघाला की ‘ते आमच्यासाठी नाही’ असे म्हणून गप्प होतात. चित्रे काढून पोट भरत नाही, असे पालकांचे म्हणणे असते. कलाशिक्षणामुळे अशी मुले खरोखर कॉलेजपर्यंत पोहोचतात का, की आम्ही त्यांना खोटी आशा दाखवत आहोत?
– एक वाचक

उत्तर : आशा खोटी नाही, परंतु नुसत्या चित्रांच्या बळावर ती फळालाही येणार नाही. नॅशनल एन्डाउमेंट फॉर द आर्ट्स या अमेरिकी सरकारी संस्थेने २०१२ मध्ये जेम्स कॅटरॉल आणि सहकाऱ्यांचा एक अहवाल प्रसिद्ध केला. आर्थिक-सामाजिकदृष्ट्या मागे असलेल्या घरांतील ज्या मुलांना शालेय वयात कलेचा भरपूर सहवास मिळाला, त्यांपैकी ७१ टक्के मुले पुढे कुठल्या ना कुठल्या कॉलेजात गेली आणि ज्यांना तो फारसा मिळाला नाही त्यांच्यात हे प्रमाण ४८ टक्के होते, असे त्यात आढळले. अर्थात, हा फरक केवळ कलेमुळेच पडला असे यावरून सिद्ध होत नाही. ज्या शाळेत कलेचा तास टिकतो, तिथे इतरही पुष्कळ गोष्टी टिकून असतात.

माझ्या मते तुमच्या वर्गाची खरी ताकद ही, की तिथे एकच प्रौढ व्यक्ती त्याच मुलाला दर आठवड्याला, वर्षानुवर्षे भेटते. शाळेतल्या काउन्सेलरला हे जमणे कठीण असते. २५० विद्यार्थ्यांमागे एक काउन्सेलर असावा अशी त्यांच्या राष्ट्रीय संघटनेची शिफारस आहे आणि बहुतेक राज्यांत प्रत्यक्ष भार त्याहून जास्त आहे. म्हणून कॉलेजचे कामकाज वेगळ्या मार्गदर्शन शिबिरावर न सोपवता, त्याच टेबलांवर, रंगांच्या डब्यांशेजारी आणा.

सुरुवात नववीतच करा. कॅलिफोर्नियातील राज्य विद्यापीठांच्या दोन्ही व्यवस्थांमध्ये, म्हणजे यूसी (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) आणि सीएसयू (कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी) यांमध्ये, थेट प्रवेशासाठी ‘ए ते जी’ या विषयगटांची अट असते आणि त्यातला ‘एफ’ गट म्हणजे दृश्य किंवा प्रयोगकलेचा वर्षभराचा मान्यताप्राप्त शालेय अभ्यासक्रम. तीन वर्षे तुमच्याकडे शिकलेल्या मुलीला ही अट पूर्ण झाली असे वाटू शकते. पण शाळेबाहेरचा वर्ग त्यात धरला जात नाही. दर वर्षी प्रत्येकाचे विषयपत्रक स्वतः डोळ्यांखालून घाला. शाळेत कलेचा तासच नसेल, तर २०२२ मध्ये मतदारांनी मंजूर केलेल्या प्रस्ताव २८ नुसार कलाशिक्षणासाठी आलेल्या निधीचे काय झाले, हे पालकांना घेऊन मुख्याध्यापकांना जरूर विचारा.

दुसरे काम निबंधाचे. यूसीच्या अर्जात आठ प्रश्नांपैकी चार निवडून प्रत्येकी ३५० शब्दांपर्यंत उत्तर लिहायचे असते आणि त्यातला एक प्रश्न सरळ सर्जनशीलतेविषयी आहे. समजा, एखाद्या मुलीने आजीच्या शिलाई मशीनचे चित्र तीनदा काढले. तिसऱ्या वेळी मशीन लहान आणि मागची भिंत मोठी झाली. तिला विचारा, भिंत का वाढवलीस? ‘आजी रात्री शिवते तेव्हा मला आधी तिची भिंतीवरची सावलीच दिसते,’ असे ती म्हणाली, तर ते वाक्य तिथल्या तिथे वहीत लिहून ठेवायला सांगा. निबंध लिहायला बसवलेल्या मुलाला असे वाक्य सहसा सुचत नाही. हातात ब्रश असताना ते सहज तोंडून निघते.

मात्र वर्णाचा आणि गरिबीचा प्रश्न जपून हाताळा. १९९६ च्या प्रस्ताव २०९ मुळे कॅलिफोर्नियाच्या सरकारी विद्यापीठांत प्रवेश देताना वर्णाला प्राधान्य देता येत नाही आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशभरातील वर्णाधारित प्रवेशधोरणे रद्द ठरवली. तरीही वर्णामुळे आपल्या आयुष्यात काय घडले, हे विद्यार्थ्याने निबंधात लिहायला त्या निकालाने मोकळीक ठेवली आहे. ही मोकळीक मुलांची आहे. दुःख मांडले तरच प्रवेश मिळेल, असा समज आपण त्यांच्यावर लादू नये. आजीच्या सावलीवर लिहायचे की पोलिसांनी अडवल्याच्या प्रसंगावर, हे त्या मुलीनेच ठरवावे.

पालकांच्या शंकेला उत्तर देताना कलेची महती सांगत बसू नका, त्यांचा प्रश्न पैशांचा आहे. खासगी कला महाविद्यालयांचे शुल्क फार मोठे असते आणि प्रवेश मिळाला म्हणून कर्जात उडी घ्यावी, असा सल्ला मी कोणालाही देणार नाही. तुमच्याकडे रेखाटन शिकलेला मुलगा नर्सिंगला गेला किंवा कम्युनिटी कॉलेजातून, म्हणजे दोन वर्षांच्या स्थानिक सरकारी कॉलेजातून, पुढे यूसीत गेला, तरी तुमचे काम सफलच झाले. शरद ऋतूत एका संध्याकाळी पालकांना वर्गात बोलावून ‘फाफ्सा’चा, म्हणजे केंद्रीय शिक्षण-मदतीचा अर्ज सोबत बसून भरा. स्पॅनिश बोलणारी व्यक्ती हवीच, कारण या अर्जासाठी पालकांचे वेगळे ऑनलाइन खाते उघडावे लागते आणि पडताळणीचा आकडा आईच्या फोनवर येतो, तेव्हा आईही तिथे असावी लागते. राज्याच्या मदतीची मुदत एरवी २ मार्चला संपते. अमेरिकेत राहण्याची अधिकृत कागदपत्रे नसलेल्या विद्यार्थ्यांसाठी कॅलिफोर्निया ड्रीम अॅक्टचा स्वतंत्र अर्ज असतो. घरात कोणाच्याही स्थलांतर-दर्जाचा प्रश्न असेल, तर काहीही भरण्याआधी जाणकार सल्लागाराला गाठा.

शेवटची गळती प्रवेश मिळाल्यानंतरच्या उन्हाळ्यात होते. वसतिगृहाची अनामत, आरोग्यविम्याचा अर्ज, लसीकरणाचे दाखले अशी पत्रे येत राहतात, शाळा बंद असते आणि घरी विचारायला कोणी नसते. जून ते ऑगस्ट आठवड्यातून एक दुपार वर्ग उघडा ठेवा आणि बारावी झालेल्यांना आलेली सगळी पत्रे घेऊन यायला सांगा.