उद्यापन कर, पोरी

"मावशी, लग्नाला चार वर्षं झाली, मूल नाही. दोघांचे रिपोर्ट ठीक आहेत. पपई, अननस बंद केलं. भोपळ्याच्या बिया खाते, दुधातून शतावरी घेते. सोळा सोमवार तिसऱ्यांदा धरलेत, शिवाय गुरुवार आणि शनिवार. हे म्हणतात, तुझी श्रद्धा मोठी आहे. उंची पाच फूट दोन इंच. वर्षभरात वजन 49 वरून 41 वर आलंय. पाळीही दोन-दोन महिने येत नाही, पण ते उपासामुळे असेल. दिवस राहण्यासाठी अजून काय खाऊ?"

पोरी, उत्तर तूच लिहिलंस आणि तशीच पुढे निघून गेलीस. 'पण ते उपासामुळे असेल.' अगं, मग तिथेच थांब की! बिया आणि शतावरी राहू देत बाजूला.

पाळीची सूत्रं मेंदूकडे असतात. तिथून ठरावीक वेळाने संप्रेरकाचे ठोके पडत राहतात, त्यावर बीज पिकतं आणि सुटतं. खाणं पुरत नाही असं दिसलं की मेंदू हे ठोके मंद करतो. बीज सुटत नाही, पाळी लांबते. 1944-45 च्या हिवाळ्यात जर्मनांच्या नाकेबंदीमुळे नेदरलँड्सच्या पश्चिम भागातली शहरं उपाशी पडली. कितीतरी बायकांची पाळी बंद झाली आणि नऊ महिन्यांनी तिथले जन्म निम्म्याच्या आसपास आले. अन्न मिळू लागलं, तशी पाळीही परतली. त्या बिचाऱ्यांच्या ताटात घालायलाच काही नव्हतं. तुझ्या घरी डाळीचे डबे भरलेले आहेत, आणि तू आठवड्यातले तीन दिवस साबुदाण्यावर काढत असणार. त्यात प्रथिन नावापुरतंसुद्धा नाही.

तुझ्या उंचीला 46 किलोच्या खाली वजन म्हणजे कमीच. तू 41 वर आहेस. या अंगावर दिवस राहिले तरी बाळ कमी वजनाचं होण्याची भीती असते.

तुझ्या यजमानांचा मला राग आला. बायको डोळ्यांदेखत आठ किलो उतरते आणि हा माणूस श्रद्धेचं कौतुक करतो! मूल दोघांना हवंय ना? मग तुझं ताट भरलंय की नाही, हे त्यांनीही बघायचं.

व्रत मोडायला मी सांगणार नाही, तुझा जीव त्यात अडकलाय हे कळतंय मला. पण व्रताला उद्यापन असतं, आणि ते तू दोनदा पुढे ढकललंस असं दिसतंय. येत्या सोमवारी कर. गुरुवार-शनिवारही त्याच दिवशी देवापुढे ठेव. कणीक, तूप, गूळ घालून चुरमा कर. त्याचा एक वाटा देवाला, एक दान, आणि एक व्रत करणारीने स्वतः खायचा असतो. तो वाटा यजमानांना समोर बसवून खा. मंगळवारपासून रोज दोन वेळा वरणभात-पोळी, सकाळी नाश्ता.

आणि डॉक्टरांकडे जाताना वर्षभराच्या पाळीच्या तारखा, तेव्हाचं वजन आणि उपासाचे वार एका कागदावर लिहून ने. उपासाचं त्यांना आजवर सांगितलं नसशील, तर आधी तेच सांग.