'कर्णबधिर' म्हणजे 'पिवळा पीतांबर' का?

प्रश्न असा आला आहे: फिलिस फ्रेलिक यांच्यावरच्या टिपणात 'मूकबधिर अभिनेत्री' लिहिलं, तर मित्राने खोडून 'कर्णबधिर' केलं. बधिर म्हणजेच ज्याला ऐकू येत नाही तो, मग 'कर्ण' कशाला? हा 'पिवळा पीतांबर' झाला ना?

संस्कृतात झाला असता, मराठीत होत नाही. संस्कृत 'बधिर' प्राकृतातून आपल्याकडे आला तो 'बहिरा' होऊन. दधिचं दही झालं, तसंच. ऐकू न येण्याचं काम बहिऱ्याने उचललं आणि मूळचा 'बधिर' मराठीत दुसऱ्याच कामाला लागला. दाढ काढताना डॉक्टर हिरडी बधिर करतात, थंडीने बोटं बधिर होतात, मनही होतं. 'बधिर अभिनेत्री' लिहिलंत तर वाचणाऱ्याला वाटेल, बाईंच्या चेहऱ्यावरची रेषही हलत नसावी! म्हणून 'कर्ण' हवाच. 'बहिरी' हा शब्द चुकीचा नाही, पण आंधळा, लंगडा, बहिरा या शब्दांना आपण इतकी वर्षं हिणवायला राबवलंय की छापताना हात अडखळतो.

मित्राने 'मूक' खोडला ते तर फारच बरं केलं. ऐकू न येणाऱ्याचा गळा बहुधा धडधाकट असतो. आणि फ्रेलिकबाईंच्या बाबतीत तर तो शब्द त्यांच्या सगळ्या कामावरच बोळा फिरवतो. अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटात 1944 साली जन्म. आईवडील कर्णबधिर, नऊ भावंडं, नऊही कर्णबधिर, या सगळ्यांत थोरल्या. म्हणजे घरची बोलीच हातांची. कर्णबधिरांसाठीच्या गॅलॉडेट कॉलेजात शिक्षण, मग 1967 साली सुरू झालेल्या 'नॅशनल थिएटर ऑफ द डेफ' या कर्णबधिरांच्या नाटकमंडळीच्या संस्थापक कलावंतांपैकी एक. कर्णबधिर नटीला भूमिकाच नाहीत म्हटल्यावर नाटककार मार्क मेडॉफ यांनी त्यांच्यासाठी नाटक लिहिलं, 'चिल्ड्रन ऑफ अ लेसर गॉड'. 1980 मध्ये ते न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर आलं आणि त्याच वर्षी फ्रेलिक यांना टोनी, म्हणजे तिथल्या नाटकांचं मानाचं पारितोषिक मिळालं. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या कर्णबधिर अभिनेत्री. नाटकात त्यांनी रंगवलेली कर्णबधिर सारा तोंडाने बोलायला ठाम नकार देते. तिला वाचा शिकवू पाहणाऱ्या शिक्षकाशी तिचं भांडण आहे ते यावरच. तिला 'मूक' म्हणणं म्हणजे त्या मास्तरांची री ओढणं.

नाटकावरून निघालेल्या चित्रपटात याच भूमिकेसाठी कर्णबधिर अभिनेत्री मार्ली मॅटलिनना 1987 साली ऑस्कर मिळालं. पुढच्या वर्षी ऑस्करचं पारितोषिक द्यायला आल्या तेव्हा त्यांनी नामांकितांची नावं तोंडाने उच्चारली, तर काही कर्णबधिर मंडळीच रागावली! 'मूक' दोघींनाही बसत नाही.

(इंग्रजीत 'डेफ'चं पहिलं अक्षर मोठं काढून 'आमची भाषा, आमचा समाज' असा अर्थ दाखवतात. देवनागरीत ती सोय नाही.)

'सांकेतिक भाषा' रूढ आहे, पण मला त्यात हेरांची कुजबुज ऐकू येते. मी 'खुणांची भाषा' लिहितो. आणि टिपणात फ्रेलिकबाईंचं वाक्य देताना 'खुणेने सांगितले', 'हातवारे करून म्हणाल्या' अशी कसरत नको. नुसतं 'म्हणाल्या' लिहा. म्हणायला तोंड लागतंच असं नाही. कोर्टात 'म्हणणं' सादर करतात ते कागदावरच.