वाचक विचारतात : ‘नॉरईस्टर’चा आकडा सारखा का बदलतो?

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. किनाऱ्यालगत हिमवादळ येतंय. सोमवारी बारा इंच स्नो सांगितला, मंगळवारी आठ, आता ‘तीन ते दहा’. नेमकं काय धरून चालायचं?

उत्तर : एडिसन बहुतेक वेळा पाऊस आणि स्नो यांच्या सीमेवर सापडतं, म्हणून हा गोंधळ. नॉरईस्टर म्हणजे अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यालगत येणारं मोठं वादळ. त्याचं केंद्र समुद्रावर असतं. वारे त्याभोवती घड्याळाच्या उलट फिरतात, त्यामुळे किनाऱ्यावर ते ईशान्येकडून येतात. केंद्र ४० अंश उत्तर, ७० अंश पश्चिम या नॅन्टकेट बेटाच्या दक्षिणेकडच्या बिंदूजवळून गेलं, तर न्यूयॉर्क ते बॉस्टन पट्ट्यात भरपूर स्नो पडतो. ते किनाऱ्याला घासून गेलं, तर समुद्रावरची उबदार हवा आत शिरते. मग जर्सी शोअरला, म्हणजे न्यू जर्सीच्या किनारपट्टीवर, नुसता पाऊस आणि वायव्येच्या ससेक्स काउंटीत मात्र ढीगभर स्नो, असं होतं.

दारातल्या थर्मामीटरवर ३० अंश फॅरनहाइट दिसले म्हणून निश्चिंत होऊ नका. दीड किलोमीटरच्या आसपास उंचीवर हवा गोठणबिंदूच्या वर गेली की हिमकण तिथेच वितळतात, खाली येताना पुन्हा गोठतात आणि खिडकीवर तडतडणाऱ्या कण्या पडू लागतात. हेच स्लीट. एक इंच पाण्यापासून साधारण दहा इंच स्नो होतो, स्लीट जेमतेम दोन-तीन इंच. ढगातून आलेलं पाणी तेवढंच, आकडा मात्र पार खाली येतो.

जानेवारी २०१५ मध्ये न्यूयॉर्क शहराला २० ते ३० इंचांचा इशारा होता, सबवेसुद्धा बंद ठेवली होती. वादळ थोडं पूर्वेकडून गेलं. सेंट्रल पार्कात ९.८ इंच पडला, लाँग आयलंडच्या पूर्व भागात मात्र दोन फुटांच्या आसपास. वादळ आलंच होतं, त्याचा पट्टा तेवढा सरकला.

म्हणून एकाच आकड्याला चिकटू नका. नॅशनल वेदर सर्व्हिस या अमेरिकी सरकारी हवामान संस्थेचं माउंट हॉली कार्यालय अपेक्षित आकड्यासोबत कमीत कमी आणि जास्तीत जास्त शक्यतेचे नकाशेही देतं. जास्तीच्या नकाशातल्या आकड्यापेक्षा अधिक स्नो पडण्याची शक्यता दहात एक असते. किराणा, औषधं, मीठ यांची तयारी त्या नकाशावरून करा, ऑफिसचं वेळापत्रक मधल्यावरून ठरवा.

प्रश्न : ‘वॉच’ आणि ‘वॉर्निंग’ या इशाऱ्यांत फरक काय?

उत्तर : वॉच म्हणजे वादळाची शक्यता आहे, खरेदी उरका. वॉर्निंग म्हणजे ते येणार हे जवळपास नक्की, किंवा आलंच आहे, प्रवास टाळा. ब्लिझर्ड वॉर्निंगचा संबंध किती इंच पडेल याच्याशी नसतो. ताशी ३५ मैल किंवा जास्त वारा आणि पाव मैलाहून कमी दृश्यता, असं किमान तीन तास राहणार असेल तेव्हा ती देतात.

प्रश्न : आईबाबा पुण्याहून आलेत. बाबा म्हणतात, ड्राइव्हवे मी साफ करतो. करू द्यावं का?

उत्तर : अजिबात नाही. वीस फूट बाय वीस फूट ड्राइव्हवेवर दहा इंच स्नो म्हणजे जवळजवळ ९५० किलो वजन. थंडीने रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो, त्यात हातांवर ताण आणि रोखलेला श्वास. हृदयविकार किंवा रक्तदाब असलेल्यांना हे जिवावर बेतू शकतं. तुम्ही स्वतःही दर तीन-चार इंचांनी बाहेर पडून थोडं थोडं काढा. रस्त्याकडे तोंड करून उभे राहा आणि ढीग उजव्या हाताला टाका. प्लाऊ, म्हणजे रस्त्यावरचा स्नो बाजूला सारणारी गाडी, डावीकडून येतो. ढीग डावीकडे असेल तर तोच पुन्हा तुमच्या ड्राइव्हवेच्या तोंडाशी ढकलला जातो.

फरशीवर टाकायचं साधं मीठ १५ अंश फॅरनहाइटच्या खाली फारसं चालत नाही. तिथे कॅल्शियम क्लोराइड घ्या.

बाबांना काम हवंच असेल, तर आतून लक्ष ठेवायला सांगा. घर गरम ठेवणाऱ्या फर्नेसचे दोन पांढरे प्लास्टिक पाइप भिंतीतून बाहेर निघत असतील, तर त्यांच्याभोवती साचणारा स्नो बघायचा. तोंड बुजलं की फर्नेस बंद पडते किंवा कार्बन मोनॉक्साइड घरात येतो, आणि त्याला वास नसतो. पाइपांभोवती तीन फूट जागा मोकळी ठेवा, कार्बन मोनॉक्साइड डिटेक्टरची बॅटरी आजच तपासा. जनरेटर घरापासून वीस फूट दूर ठेवा, गॅरेजमध्ये कधीही नको. आणि गाडी सुरू करण्याआधी मागच्या धुराच्या नळीभोवतीचा स्नो काढा.